नदीवरचं नदीवर

देवपूर, धुळे
२२ डिसेंबर १९९८

अक्का,

सा. न. वि. वि. लिहिलं आणि खोडलं. तुला साष्टांग नमस्कार घालायची माझी हरकत नाही, पण तू तो घेशील की नाही ठाऊक नाही.

परवा जळगावहून मी तुला न भेटता निघाले. तू म्हणशील, पळाली. पळाले नाही गं. कॉम्प्युटरची खोकी टेम्पोत चढवायची होती, टेम्पोवाला सारखा हॉर्न वाजवत होता, आणि रात्री मामांकडे मुक्काम आधीच ठरलेला होता. हे सगळं खरं आहे.

झालं ते वाईट झालं. पण दोष माझ्या एकटीचा नाही, एवढं सांगायला हे पत्र. माझ्या कॉम्प्युटरच्या खेळात आखाजीच्या सणाचे, नदीवरच्या बायकांच्या गाण्यांचे पुष्कळ आवाज भरलेले आहेत. कुठला कधी वाजेल ते यंत्र ठरवतं, मी नाही. आणि कॉलेजच्या त्या प्रदर्शनात सगळ्यांच्या आधी तुझ्या सासूबाईंना टोपी घालायची हा हट्ट तुझाच होता. प्राचार्य पुढे सरसावले होते, तर तू त्यांना म्हणालीस, "आधी आमच्या आईंना द्या. नदी त्यांच्या माहेरची आहे." मला तेव्हा किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! एवढी जड टोपी, कपाळावर कॅमेरा, डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे, आणि सासूबाईंनी पदर सावरून ती नवरीच्या मुंडावळ्या बांधून घ्याव्यात तशी घालून घेतली. समोर साधं टेबल, त्यावर काळ्या चौकटीचे पुठ्ठे. त्यांना मात्र त्याच टेबलावरून नदी वाहताना दिसली, पलीकडच्या काठावर पोरी दिसल्या. स्वतःचे हातही दिसत होते, हातातल्या बांगड्या दिसत होत्या, आणि मध्ये नदी. "बठ्ठी नदी आठे उनी व माय!" अख्खी नदीच इथे आली, असं म्हणून त्या हसल्या. ते हसणं तू ऐकलंस ना?

मग त्यांनी पुठ्ठा उचलला, त्यांना तो ढेकूळ दिसत होता, आणि जोरात पलीकडे भिरकावला. पलीकडून उत्तर म्हणून यंत्राने गाणं लावलं. त्याने तुझंच लावलं, सासूबाईंच्या नावाचं, त्याला मी काय करू?

*नदीपारनी बेबा व माय, तिनी वाणी गोड,*
*सूनले वाढे शिळी भाकर, सोता खाय गोडधोड.*

लाउडस्पीकरवर. इंजिनिअरिंगची पोरं फिदीफिदी हसली. तुझी नणंद पुष्पा ओरडली, "अगं बाई, ही तर वहिनी!" सासूबाईंनी टोपी काढली आणि गरम भांडं ठेवावं तशी हळूच टेबलावर ठेवली. मला म्हणाल्या, "चांगलं शे." आणि गेल्या.

त्यानंतर तू सगळ्यांना उद्देशून काहीतरी बोललीस. गोंगाटात मला नीट ऐकू आलं नाही.

त्यांना समजावून सांग. सासूबाई पलीकडच्या काठच्या लेक, आपण या काठच्या. आखाजीला गौराई बोळवायला दोन्ही गावांच्या बायका नदीवर उतरतात, ढेकळं मारतात, एकमेकींच्या गावच्या लेकींची नावं घेऊन गाण्यातून शिव्या घालतात. त्यांनीही आपल्या वयात घातल्याच असतील. त्यांना काय नवीन आहे? पत्र पाठव.

उज्जी

---

बंगलोर
३१ जानेवारी १९९९

अक्का,

पत्र आलं नाही. येईल असं वाटलं होतं असं म्हणणार नाही, पण हॉस्टेलच्या पेटीत रोज हात घालून बघते.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तू बोललीस ते ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. तू माझ्या आणि प्राचार्यांच्या मध्ये उभी राहून म्हणालीस, "मीच दिलाय तिला आवाज. मीच सांगितलं, भर म्हणून." आणि मी मान हलवली. अक्का, मी मान हलवली गं! तुझ्या खोट्यावर हो म्हणून मी वायरी गुंडाळायला लागले.

तुला सगळं आठवतं हे मला माहीत आहे, तरी लिहिते. गेल्या आखाजीला नदीवर मी टेपरेकॉर्डर काढला तेव्हा तू गाणं थांबवून खाली आली होतीस. "उज्जे, ते बंद कर. नदीवरनं नदीवरच ऱ्हाऊ दे." मी तुझ्यासमोर खट्‌कन बटण दाबलं, टेप पिशवीत घातला, वर माझा दुपट्टा कोंबला. आणि तू वळल्यावर पिशवीत हात घालून पुन्हा चालू केला. बाकीच्या बायकांनाही कुणाला विचारलं नव्हतं. भिकुबाई काकू तर माझ्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांना वाटलं मी रुमाल शोधतेय.

यंत्र ठरवतं, हेही अर्धंच खरं. तुला माझ्या कामाबद्दल कधी नीट सांगितलं नाही. तू विचारायचीस तेव्हा "तुला नाही कळणार" म्हणून मी हसण्यावारी न्यायचे. तर ऐक. खऱ्या जगावर खोटं चित्र बसवायचं, आणि माणसाने की-बोर्डला हात न लावता हाताने, आवाजाने त्याच्याशी खेळायचं, असा माझा विषय आहे. दोन वर्षं मी मरमर मेले. डोकं वळवलं की चित्र उशिरा वळायचं, मान दुखायची, लोकांना मळमळायचं. जो तो टोपी काढून म्हणायचा, छान आहे, आणि चहाला जायचा. मग मी आखाजीचे आवाज घातले. इथे आपली बोली कुणाला कळते? पण तुझं गाणं लागलं की समोरचा माणूस पेटायचा. गाणं संपल्यावर तू जी हसतेस ना, त्या हसण्यावर लोक चवताळून ढेकूळ मारायचे, कानडीत, तेलुगूत, मिळेल त्या भाषेत उलट ओरडायचे. टोपीचं वजन विसरायचे. माझे गाईड सर म्हणाले, आता खेळात जीव आला, हाच आवाज पहिला ठेव. मी ठेवला. त्यांनी विचारलं, "त्या बायकांची परवानगी घेतली आहेस ना?" मी म्हटलं, हो सर, आमच्या घरच्याच आहेत.

घरच्या म्हणून विचारलं नाही. परक्या असत्या तर विचारलं असतं. हे लिहून बघितल्यावर केवढं घाण दिसतंय.

सासूबाई कशा आहेत, हे विचारायचं तोंड नाही. तरी विचारते.

उज्जी

---

देवपूर, धुळे
८ मार्च १९९९

अक्का,

आपले आबा काल गावाहून दवाखान्यासाठी धुळ्याला आले होते. मी सुटीवर मामांकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं. मामींनी चहा दिला, तो गार होईपर्यंत कप हातात धरून बसले. मग तुझ्या घरचं सांगितलं.

रोज संध्याकाळी सासूबाई तुझं पान पहिलं मांडतात म्हणे. गरम भाकरी, तूप, गूळ, असेल ते गोड. तुला हाताला धरून बसवतात. आणि तुझ्यासमोर, दाजींसमोर, पोरांसमोर स्वतः सकाळची शिळी भाकरी मोडून खातात. दाजी म्हणाले, "आई, पुरे आता." तर म्हणाल्या, "गल्लीमा बठ्ठा इचारतस, आज सूनले काय वाढं? मंग दाखाडनं पडी ना." आबा सांगत होते, तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. गळ्याची हाडं वर आलीत.

तुझ्या बाळंतपणात याच बाईने तीन महिने स्वतःच्या हाताने डिंकाचे लाडू वळून तुला खाऊ घातले होते. म्हणून तर तू ते गाणं रचलंस! जिच्यात जे नाही तेच तिच्या नावावर टाकायचं, हीच आखाजीच्या शिवीची मजा. नदीवर उभ्या असलेल्या प्रत्येकीला ते कळतं. जळगावच्या लोकांना कुठून कळावं? त्यांनी ते खरं धरलं. लोकांनी ते खरं धरावं अशी सोय मी लाउडस्पीकर लावून केली.

ऐकलं आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने जळगावला आले. होय, आज मी जळगावात होते. रिक्षा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडली. तू ओट्यावर मिरच्या निवडत होतीस. सासूबाई शेजारी बसलेल्या, तुझ्या सुपातली मिरची त्याही निवडत होत्या, आणि दोघी एका शब्दाने बोलत नव्हत्या. मी पिठाच्या गिरणीपाशी उभी राहिले. गिरणीवाल्याने विचारलं, दळण कुठंय? मी म्हटलं, विसरले. आणि परत फिरले. पीएच. डी. करणारी तुझी बहीण, अक्का, गिरणीवाल्याशी खोटं बोलून पळाली.

एवढं लिहिलं आहे तर राहिलेलंही लिहिते. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी वायरी जोडताना मला आठवलं होतं. तू सासूबाईंना घेऊन येणार हेही ठाऊक होतं. तुझा आवाज काढायला फार वेळ लागला नसता. बोट पुढे नेलंही होतं. पण तो काढला की खेळ मेंगळट होतो, आणि पेपरवाला येणार होता, आणि आपल्या भागात पहिल्यांदा माझं नाव फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं. मला वाटलं, इतक्या आवाजांतून नेमका तोच त्यांच्या वाट्याला थोडाच येईल! पहिला मीच ठेवला होता, आणि पहिली टोपी तू त्यांना घालायला लावलीस. आता तुला सगळं कळलं.

सरांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, आवाज काढून टाक, आणि त्यावर लिहिलेलं प्रकरणही काढ. म्हणजे वर्ष गेलं. तुला माझी दया यावी म्हणून हे लिहीत नाही. थोडंसं म्हणूनच लिहितेय.

उज्जी

---

गाव
२० एप्रिल १९९९

अक्का,

तू आखाजीला आली नाहीस. दाजी पोचवायला तयार होते, सासूबाईंनीही जा म्हटलं होतं, तूच नको म्हणालीस, असं आईकडून कळलं. आईने पुरण केलं, आमरस केला, आणि वाढताना तुझा पाट मांडून उचलून ठेवला.

निंबाला झोका बांधला होता. मी गेले तेव्हा पोरी गात होत्या. भिकुबाई काकूंनी माझी पिशवी हातात घेतली, बाहेरून चाचपली, हसत हसत म्हणाल्या, "आज काय आनं शे व यामा?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पिशवीत कंगवा होता. मग कुणीतरी देवीचं गाणं धरलं. अगदी शहाण्यासारखं, कुणाचं नाव नसलेलं.

संध्याकाळी गौराई घेऊन नदीवर गेलो. पाणी कुठे गुडघ्याएवढं, कुठे नुसती वाळू. पलीकडे त्या गावच्या बायका जमल्या होत्या आणि त्यांच्यात तुझ्या सासूबाई होत्या! आखाजीला माहेरी आलेल्या. या वयात काठावर कोण उतरतं? पण त्या उतरल्या होत्या, पोरींच्या पुढे उभ्या होत्या. पलीकडच्या एका पोरीने ढेकूळ उचललं, माझ्याकडे बोट केलं, आणि गाण्याला तोंड उघडलं. तिला बिचारीला काही ठाऊक नसावं. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"तिले काही म्हनू नको," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, पण वारं आमच्याकडे होतं. "ती टेप करस."

पोरीने ढेकूळ खाली टाकलं. मग हळूहळू सगळ्यांनीच टाकली. आपल्या काठावरच्यांनीही. दोन गावांच्या बायका समोरासमोर उभ्या, आणि कुणी कुणाला एक शिवी दिली नाही. नदीत गौराया सोडल्या, तेवढाच काय तो आवाज.

मी चपला काढल्या आणि पाण्यातून पलीकडे गेले. असं कोणी जात नाही, मला माहीत आहे. मागून आईने हाक मारली. मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि मला एकदम मराठी सुचेना, आपली बोलीच तोंडात आली.

"अक्काले काही ठाऊक नव्हतं. तिनी माले बंद कर सांगं व्हतं. मी पिशवीमा टेप लपाडा. ती बठ्ठासमोर मन्हासाठे खोटं बोलनी."

बाजूच्या बायका बघत राहिल्या. माझं परकर-पोलक्यातलं वय माहीत असलेल्या बायका होत्या त्यात. मी इतकी लाजले की वाळूत पाय रुतले ते काढायचंही सुचेना.

"तुन्हासाठे?" सासूबाई म्हणाल्या.

"हा."

"मंग इतला दिन ती बोलनी का नही माले?"

तुला माझं नाव जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तू रोज त्या ताटावर बसत राहिलीस, हे मी त्यांना सांगू शकले असते. रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग म्हणाल्या, "जाय. तुन्हा काठले जाय. आठे आम्हना पोरी शेतस."

मी परत आले. अंधार पडेपर्यंत थांबले. वाटत होतं, निदान एक तरी मारतील, निदान माझं नाव घेऊन एक ओळ म्हणतील. शिकली-सवरली उज्जी, तिला नवरा मिळेना, असलं काहीही. कितीतरी जमण्यासारखं आहे माझ्यावर. कुणी काही म्हटलं नाही. आखाजीला नदीवरून एकही शिवी न खाता, कोरडी परत आलेली गावातली मी पहिली असेन.

सासूबाई आज जळगावला निघाल्या, असं कळलं. त्या तुझ्याशी काय बोलल्या ते मला कळवू नकोस वाटलं तर. पण संध्याकाळी तुझ्या ताटात काय पडलं, तेवढं कळव.

उज्जी

---

गाव
३ मे १९९९

अक्का,

उद्या मी बंगलोरला जातेय. आज सकाळी तुझं कार्ड आलं.

पोस्टमन भिकन चौकातूनच ओरडत आला, "प्रमिलानं कार्ड उनं!" आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचलं. मोठ्याने. आबा ओट्यावर होते.

तू लिहिलंस की सासूबाई गावाहून आल्या, त्या संध्याकाळी त्यांनी भाकऱ्या केल्या. तुझ्या ताटात सकाळची शिळी वाढली आणि स्वतःच्या ताटात गरम घेतली, वर तुपाची धार. म्हणाल्या, "खाय व माय. इतलं गानं गायी, आते खरं करू." तू ती शिळी भाकरी खाल्लीस. पोटभर खाल्लीस. मग त्यांना आधी हसू फुटलं की तुला, ते आठवत नाही, पण दोघी ताटावरच हसत सुटलात आणि दाजी विचारत राहिले, झालं काय? दुसऱ्या दिवसापासून सगळं होतं तसं.

आईने डोळे पुसले. पिठाचा हात, सगळं तोंड पांढरं झालं. आबा म्हणाले, "बेबाबाई मोठा जिवाची बाई शे." मग मला म्हणाले, वाच पुढे.

पुढे तू आबांच्या गुडघ्याचं विचारलंस. आईला सांगितलंस, कुरडया पाठव. भिकुबाई काकूंची सून बाळंत झाली का, विचारलंस. निंबाच्या झोक्याचा दोर सोडला का, काळी गाय व्याली का, शेजारच्या वनाबापूंचा खोकला कसा आहे. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

मी थांबले तशी आई म्हणाली, "अन् उज्जीले?"

मी कार्ड पुन्हा वाचल्यासारखं केलं. आईने ते माझ्या हातातून घेतलं, वाचता येत नाही तरी नीट बघितलं, उलटं करून पत्त्याच्या बाजूलाही बघितलं.

मी म्हटलं, "जागा संपली असेल तिची."

अर्धं कार्ड कोरं होतं, अक्का.

उज्जी